सगळे वाढपी, जेवणारा एक

फार फार वर्षांपूर्वी, आपल्या पणजोबांचे पणजोबाही जन्मले नव्हते तेव्हा, डोंगराच्या पायथ्याला प्रभूला मानणारं एक गाव होतं. गाव लहान, प्रार्थनेचं मंदिर त्याहून लहान, पण धान्याचं कोठार मोठं. सुगीत प्रत्येकानं आपला वाटा त्यात घालायचा. पावसाळ्यात ज्याची चूल पेटत नसेल, त्याला त्यातून द्यायचं. कोठाराची किल्ली कारभाऱ्यांकडे असायची.

कारभारी म्हातारे झाले. गुडघे ऐकेनात. एका रविवारी उपासना संपल्यावर ते म्हणाले, "लेकरांनो, आता ही किल्ली दुसऱ्या कुणीतरी सांभाळा. माणूस असा हवा, की ज्याला दुसऱ्याची भूक आधी दिसेल. आपल्या प्रभूनं शिष्यांचे पाय धुतले, तसा खाली वाकणारा हवा. सुगीच्या जेवणाला जो सगळ्यांच्या मागून जेवेल, त्याला मी किल्ली देईन."

झालं! एवढं सगळं बोलले कारभारी, पण गावानं ऐकलं ते एकच. मागून जेवायचं!

शलमोन तेलाच्या घाण्याचा मालक. त्याला किल्ली कमरेला लावून गावातून मिरवायचं होतं. त्यानं तर आधीच तिच्यासाठी चांदीची साखळी करून घेतली. मत्तय कुंभार गरीब माणूस. पण खोटं कशाला बोलू, मनातून त्यालाही किल्ली हवीच होती.

त्या गावची रीत अशी, की सुगीच्या जेवणाला अर्ध्या गावानं बसायचं, अर्ध्यानं वाढायचं, मग पालटायचं. त्या वर्षी काय झालं? पानं मांडली, पाणी शिंपडलं, प्रार्थना झाली, आणि सगळं गाव कमरेला पंचा बांधून उभं! कुणाच्या हातात पळी, कुणाच्या हातात भाकऱ्यांची दुरडी. बसायला कुणी तयार नाही.

"बसा हो शलमोनदादा."

"छे छे, आधी तुम्ही. मी आपला सेवक."

"सेवक तर मीही आहे!"

"मी तुमच्याहून मोठा सेवक आहे, सांगून ठेवतो!"

स्वयंपाक हन्नाकाकूंच्या हाती होता. त्या चुलीपासून ओरडल्या, "अरे मेल्यांनो, भात गार होतोय! शंभर वाढपी आणि जेवणारा एक, असली पंगत मी जन्मात पाहिली नाही!"

तो एक म्हणजे इसहाकबाबा. डोळ्यांनी अधू, हात थरथरणारे. त्यांना या चढाओढीचा पत्ताच नव्हता. भूक लागली म्हणून ते सरळ पानावर येऊन बसले होते.

मग काय विचारता! सगळं गाव त्यांच्यावर तुटून पडलं. सेवा करताना कारभाऱ्यांनी बघायला नको का? एकानं भात घातला, दुसऱ्यानं त्यावर भात घातला. तिघांनी आमटी ओतली. आमटीचा ओहोळ पानावरून निघाला आणि बाबांच्या धोतरात शिरला.

"बाबांनो," इसहाकबाबा म्हणाले, "वाढताय भरपूर, देव तुमचं भलं करो. पण माझ्या तोंडापर्यंत काहीच पोचत नाहीये."

खरंच होतं ते. बाबा घास उचलत, तो तोंडाशी जाईपर्यंत सांडून जाई. शेजारी बसून कुणी भरवलं असतं तर! पण बसायचं कुणी? बसला तो हरला.

मत्तयच्या हातात आमटीची पळी होती. त्यानं एकदा कारभाऱ्यांकडे पाहिलं. मग बाबांच्या हनुवटीवरून ओघळणाऱ्या आमटीकडे पाहिलं. त्यानं पळी खाली ठेवली, मांडी घातली आणि भाकरी कुस्करायला घेतली.

"बसला! मत्तय बसला!" शलमोननं टाळीच वाजवली. "एक कमी झाला!"

मत्तयनं ऐकलं की नाही, कुणास ठाऊक. तो म्हणाला, "आ करा बाबा. मीठ बरोबर आहे ना?"

"मीठ बरोबर आहे. घास जरा मोठा कर की रे, मी काय चिमणी आहे?"

पंगतीत हशा पिकला. भाकरीचा वास दरवळत होता, उन्हं चढली होती. एकेकाचा धीर सुटू लागला. कुणी म्हणालं, पित्त खवळलंय. कुणी म्हणालं, गुडघा दुखतोय. एकेक करत सगळं गाव बसलं, जेवलं, ढेकर देऊन उठलं. शलमोन तेवढा खांबाला धरून उभा. पोटात कावळे ओरडत होते, पण चेहरा कसा, अगदी संतासारखा.

शेवटी त्यानं चारी बाजूंना पाहिलं आणि ऐटीत पानावर बसला. "काकू, वाढा आता! सगळ्यांच्या मागून जेवणारा मीच!"

"काय वाढू? माझंसुद्धा जेवण उरकलं, तुमची वाट बघत कोण बसेल?" हन्नाकाकूंनी पातेलं खरवडलं आणि करपलेल्या भाताची खरवड त्याच्या पानात टाकली. शलमोन तीही मिटक्या मारत खाऊ लागला.

एवढ्यात मत्तय परत आला. बाबांचे हात धुऊन, त्यांना घरी पोचवून तो येत होता. बाह्या आमटीनं माखलेल्या.

कारभाऱ्यांनी विचारलं, "मत्तय, तू कधी जेवलास?"

मत्तय चपापला. "अरेच्चा," तो हन्नाकाकूंना म्हणाला, "माझं राहिलंच की! काही उरलंय का?"

शलमोनच्या हातातला घास हातातच राहिला. कारभारी काठी टेकत उठले आणि त्यांनी किल्ली मत्तयच्या आमटीनं माखलेल्या हातावर ठेवली.

शलमोननं सरकून शेजारी जागा केली. मग त्यानं पानातली खरवड अर्धी केली. "ये रे मत्तय," तो म्हणाला, "करपली आहे, पण गरम आहे." त्या दिवशी पहिल्यांदाच त्यानं कारभाऱ्यांकडे न बघता कुणाला वाढलं होतं.

पुढे मत्तयच्या कारभारात पावसाळ्यात एकही चूल विझली नाही. आणि धान्याची पोती घरोघर पोचवायला त्याच्याबरोबर शलमोनची बैलगाडी असायची.

तात्पर्य: आपण किती नम्र आहोत हे बघायचं विसरून जो भुकेल्याच्या पानाकडे बघतो, तोच प्रभूचा खरा सेवक.