ठमाईनं लावलेलं वेलीचं लग्न

बस. पण आधी पैज लाव. मी आता जे सांगणार आहे, त्यातला एक तरी शब्द खरा मानून दाखव. नाही जमायचं तुला. तुझ्यापेक्षा मोठाल्या मिशांची माणसं या ओट्यावर बसली, आणि "म्हातारे, थापा मारतेस" म्हणून उठून गेली. गेली तर गेली. पण जाताना वाटेत कडूवेल दिसली की लांबून वळसा घालून गेली. मला दिसतं इथून सगळं.

फार मागची गोष्ट. किती मागची ते विचारू नको, मला तेवढं मोजता येत नाही आणि तुला तरी कुठं येतंय. आसणेवाडी तेव्हाही इथंच होती, डोंगराच्या पायाशी. घरं थोडी होती आणि रान जास्त होतं. सगळी घरं वेलक्यांची. वेलके म्हंजे ज्यांचं देवक गोडवेल. लग्नात कोणी कळंबाची डहाळी पुजतं, कोणी उंबराची, तसे वेलके गोडवेलीची पुजायचे. देवकाला कोयता लावायचा नाही. त्याचा पाला गुरांना घालायचा नाही. आणि तोंडात तर घालायचंच नाही. देवराईत ती वेल लई माजलेली, खाली मातीत मांडीएवढाले कंद. पण कोणाची पहार तिथं कधी लागली नाही.

त्या वाडीत ठमाई होती. वेलक्यांची सून, तरणेपणी विधवा झालेली, औषधपाणी करणारी. असं म्हणतात, की ती झाड जिभेनं ओळखायची. डोळे मिटून पान दाताखाली धरायची आणि झाडाची भावकी सांगायची. देठ चौकोनी लागला की म्हणायची, हा तुळशीच्या माहेरचा. पांढरा चीक निघाला की म्हणायची, हा उंबराचा कोणीतरी. वेलींचं तर तिनं साधं करून ठेवलं होतं. झाडावर चढताना उजवीकडं वळते ती एका कुळाची, डावीकडं वळते ती दुसऱ्या कुळाची. गोडवेल उजव्या वळणाची. कडूवेल डाव्या. वेलींत नर वेगळा आणि मादी वेगळी असते, हेसुद्धा तीच सांगायची, आणि बाया तोंडाला पदर लावून हसायच्या.

पोट बिघडलं की कुड्याची साल, खोकल्याला अडुळसा, गुडघ्याला निरगुडी. शेवळं नुसती खाल्ली की घसा खाजतो, काकडाची आंबट फळं घातली की खाजत नाही. ठमाई म्हणायची, "ते नवराबायको आहेत. एकाला बोलावलं तर दुसऱ्यालाही पाट मांडायला लागतो."

तिचा धाकटा दीर होता धाकू. वाडीचा कारभारी. तो तिला चिडवायचा. "वहिनी, रानातल्या सोयरिकी पुरे झाल्या. आमच्या थोरल्याला पोरगी बघा."

"बघते की भावोजी. पण त्याच्याआधी बाभळीला स्थळ येईल."

अशी हसतीखेळती वाडी. मग दुष्काळ पडला.

एक पावसाळा कोरडा गेला. लोक म्हणाले, पुढच्या साली येईल. पुढचाही गेला. मग लोकांनी म्हणायचं सोडून दिलं. कणग्या रिकाम्या झाल्या, मग बियाणं खाल्लं, मग कोंडा खाल्ला. टाकळा नाही, कुर्डू नाही, रानात खायला काही हिरवं उरलं नाही. उरली फक्त कडूवेल. तिला काय, ती खडकातही जगते.

आता कडूवेलीचा कंद खाता येतो, पण तो असा तसा येत नाही. चकत्या करायच्या, राख चोळायची, टोपलीत भरायच्या आणि ती टोपली वाहत्या ओढ्यात ठेवून द्यायची. पाणी वाहतं, कडूपण घेऊन जातं. पाणी वाहतं पाहिजे, हे इथं पाळण्यातल्या पोरालाही माहीत असतं. पण ओढा आटला होता. ओढ्याच्या जागी नुसते गोटे.

धाकूचे दोन मुलगे, थोरला आणि धाकटा. भूक सोसवेना म्हणून त्यांनी चकत्या विहिरीच्या तळातल्या पाण्यात बुडवून ठेवल्या. साठलेलं पाणी. कडू कुठं जाणार? तिथल्या तिथंच राहिलं. पोरांनी शिजवून खाल्लं. आधी जीभ जड झाली, मग डोळे फिरले. ठमाई जे होतं नव्हतं ते घेऊन धावली, पण तिच्या पोचण्याआधी दोघंही गेले होते. धाकूनं आपल्या हातांनी त्यांना माती दिली. त्या दिवसापासून त्याला कोणी हसताना बघितलं नाही.

ठमाईच्या घरी तिची सून होती, सोनकी. ओली बाळंतीण. नवरा बंदरावर दाणे आणायला गेला, तो आलाच नाही. सोनकीच्या अंगात दूध उरलं नाही. बाळ आधी मोठ्यानं रडायचं, मग बारीक रडायला लागलं, मग नुसतं तोंड उघडायचं आणि आवाज यायचा नाही.

"आत्याबाई," सोनकी म्हणाली, "हे रडत होतं तेच बरं होतं."

ठमाई उठली, पहार घेतली आणि देवराईत गेली. गोडवेलीच्या पुढं धाकू बसला होता, मांडीवर कोयता. अशी वेळ येणार हे त्याला कळत होतं.

"वहिनी, मागं फिरा."

"भावोजी, पोर मरतंय."

"माझीपण मेली. ही वेल तेव्हाही इथंच होती आणि मी तिला हात लावला नाही. आता तुमच्या नातवासाठी लावू? मग माझी कशापायी गेली?"

ठमाईनं पहार खाली ठेवली. ती धाकूच्या शेजारी मातीत बसली. वाडीतली माणसं हळूहळू येऊन लांब उभी राहिली.

मग ठमाई म्हणाली, "भावोजी, ही वेल आपली कोण?"

"कुळातली. लेकच म्हणा."

"मग लेक अशीच घरात ठेवायची? तिचं लग्न नको करायला?"

लोकांना वाटलं, भुकेनं म्हातारीचं डोकं फिरलं. पण ती शांतपणे बोलत होती. "मी या घरात आले तेव्हा माझं माहेरचं देवक कळंब होतं. माप ओलांडलं आणि तुमची आई म्हणाली, आता ही वेलक्यांची. माझा लेक वेलक्यांचा झाला, कळंबाचा नाही झाला. खरं का खोटं?"

"खरं."

"लेकीला मी हात लावणार नाही. ती आपली, ती जन्मभर आपली. पण ती दिल्या घरी गेली आणि तिला पोरं झाली, तर ती पोरं कोणाच्या कुळाची?"

लांब उभ्या असलेल्या माणसांतून एक म्हातारा म्हणाला, "बापाच्या कुळाची. त्याला दुसरा नियम नाही."

"मग कडूवेलीचा नर आणा," ठमाई म्हणाली. "वळण वेगळं, कूळ वेगळं. सोयरीक बसते. त्याची पोरं आपलं देवक नाहीत. ती खाल्ली तर पाप नाही."

धाकू ताडकन उभा राहिला. "ज्यानं माझी पोरं खाल्ली त्याला मी जावई करू?"

ठमाई म्हणाली, "दुसरं स्थळ उरलं नाही, भावोजी."

असं म्हणतात, की धाकू तेव्हा डोंगराकडं तोंड करून उभा राहिला. सावली या झाडाखालून त्या झाडाखाली गेली तरी तो हलला नाही. मग तो स्वतः चालत वर गेला आणि कडूवेलीचा नर मुळासकट काढून, खांद्यावर घालून घेऊन आला. कोणाला हात लावू दिला नाही.

मांडव घातला सुक्या काटक्यांचा. ठमाईचं फाटकं लुगडं धरलं अंतरपाट म्हणून. एका अंगाला गोडवेल, दुसऱ्या अंगाला खड्ड्यात लावलेली कडूवेल. हळद नव्हती, राख लावली. तोरण नव्हतं. भटजी तर नव्हताच. मंगलाष्टकं म्हणून ठमाईनं डोळे मिटून रानातल्या सगळ्या झाडांची नावं घेतली, कुळं लावून, वडीलधाऱ्यांपासून धाकट्यांपर्यंत, जशी लग्नाला आलेल्या पाहुण्यांची घेतात. आणि असं म्हणतात, वारा नसताना रान हललं.

आता अडलं ते नवऱ्याच्या पायांवर. नवऱ्याचे पाय धुतल्याशिवाय लेक द्यायची नाही, आणि धुवायचे ते लेकीच्या बापानं. पण प्यायच्या पाण्याचीच मारामार, तांब्यात कुठलं येणार? धाकू रिकामा तांब्या घेऊन कडूवेलीच्या मुळांपुढं गुडघ्यावर बसला. त्यानं त्या मुळांवर हात ठेवला. ज्या मुळांनी त्याची पोरं नेली, त्यांच्यावरून तो हात फिरवायला लागला, जसे पाय धुतात तसा. आणि मग त्याला रडू फुटलं. पोरं गेली तेव्हा आलं नव्हतं ते सगळं तेव्हा आलं. मुळं भिजली, खड्डा भिजला. तू म्हणशील, उपाशी माणसाच्या डोळ्यांत एवढं पाणी कुठलं? मीपण नवी सून असताना विचारलं होतं. माझ्या आजेसासूनं माझ्या डोक्यात टपली मारली. तीच टपली तुला देऊ का?

अक्षतांना वाडीत तांदळाचा दाणा नव्हता. ठमाईनं गोडवेलीच्या वाळल्या बोंडांतलं बी काढलं. पापडासारखं पातळ पंख असलेलं बी. ते माणसांच्या हातांत दिलं. अंतरपाट सरला, सगळ्यांनी ते बी वर उडवलं, आणि ते गरगरत, तरंगत त्या ओल्या खड्ड्यात पडलं.

पुढचं तू मानणार नाहीसच. असं म्हणतात, की माणसं मांडवातून उठायच्या आत बी रुजलं. काटक्यांवर वेल चढली. निम्म्या काठीपर्यंत डावीकडं वळत गेली, बापाच्या वळणानं. मग थांबली, जशी माणसं वाट आठवायला थांबतात. आणि वर उजवीकडं वळत गेली, आईच्या वळणानं. पानं धरली, पिवळी पडली, गळाली, आणि खाली माती फुगून तडकली. कंद वर आले.

पण कोणी हात घालेना. कूळ बापाचं, म्हंजे विषही बापाचं असलं तर?

ठमाईनं कंद काढला, निखाऱ्यात भाजला आणि मांडी घालून बसली. सोनकीनं तिचा हात धरला. "आत्याबाई, मी खाते. तुम्ही गेलात तर औषधपाणी कोण बघणार?"

"तू गेलीस तर पोराला कोण पाजणार? गप बस."

पहिला घास तिनं तोंडात घातला. सगळी वाडी समोर बसली. ठमाई चावत होती. तिच्या कपाळावर घाम आला. ओठ पांढरे पडले. तिच्या हाताची मूठ मिटली आणि उघडेना. धाकू उठून तिच्याजवळ गेला, तर तिनं मान हलवून त्याला लांब बसवलं. दुसरा घास घातला. तिसरा घातला. ऊन उतरत गेलं. बाळाचं तोंड उघडं होतं आणि त्यातून आवाज येत नव्हता, आणि ठमाई त्याच्याकडं बघत चावत राहिली. अख्खा कंद संपला, तेव्हा ती म्हणाली,

"मीठ आणा. अळणी आहे."

असा हुंदका फुटला वाडीला, असं म्हणतात, की पलीकडच्या डोंगरावर ऐकू गेला. मग सगळे जेवले. आधी पोरं, मग बाळंतीण, मग बाकीचे. कोणाला काही झालं नाही. सोनकीला दूध आलं, आणि बाळ पुन्हा मोठ्यानं रडायला लागलं. त्या रडण्यानं धाकू हसला.

पण एक झालं. ठमाईची जीभ गेली. बोलायची नाही, चवीची. त्या पहिल्या कंदात बापाचं सगळं कडूपण उतरलं होतं आणि ते तिनं एकटीनं खाऊन टाकलं, म्हणून बाकीच्यांना गोड लागलं, असं म्हणतात. गूळ दिला तरी माती आणि मिरची दिली तरी माती. जिभेनं झाड ओळखणारी बाई ती. आता पान दाताखाली धरायची आणि नुसती बसून राहायची.

मग तिनं सोनकीला बरोबर घेतलं. पान तोडायची, सोनकीच्या तोंडात द्यायची, आणि विचारायची, "सांग गं, कसं लागतं?"

"तुरट, आत्याबाई. आणि मागाहून थोडं गार."

"हं. मग हा त्याचा चुलतभाऊ."

अशा दोघी रान हिंडल्या. एकीचं तोंड आणि दुसरीचं ध्यान. ठमाई गेली तोवर सगळं रान सोनकीच्या जिभेवर उतरलं होतं. ठमाई नेमकी कधी गेली कोणी सांगत नाही. काही म्हणतात, ती देवराईत बसली होती आणि वेल तिच्यावरून चढत गेली. असेल. मी होते कुठं बघायला.

त्या कंदाला आम्ही ठमकंद म्हणतो. अजूनही आसणेवाडीत काढणीच्या आधी वेलीचं लग्न लावतात. अंतरपाट जुन्या लुगड्याचा, अक्षता त्या पंखांच्या बियांच्या. वेलक्यांतला जाणता माणूस कडूवेलीची मुळं धुतो, आणि त्या वेळी कोणी बोलत नाही. गोडवेलीला अजून पहार लागलेली नाही. आणि पहिला कंद खायचा तो बाहेरून आलेल्या सुनेनं. वाडीतली सगळ्यांत म्हातारी सून, म्हंजे हल्ली मी. मी चावते आणि सगळे बसून राहतात. मी मीठ मागेपर्यंत कोणी घास उचलत नाही. मी मुद्दाम हळू चावते. सरपंच लाळ गिळत बसतो, पोरं चुळबुळतात, माझी सून डोळे वटारते. मजा येते.

पण दर साली पहिल्या घासाला एक गोष्ट होते. तोंडात काहीच लागत नाही. गोड नाही, कडू नाही, माती. मला तेव्हा हसू येत नाही. मी समोर बसलेल्या पोरांकडं बघते आणि चावत राहते. मग हळूच चव येते, आणि मग मी म्हणते, मीठ आणा.

झालं. आता तोंड उघडं टाकून बसू नकोस, माशी जाईल. जा, चालता हो इथनं.