नथूशेठचा खेळ आणि पाटलीणबाईंची सफरचंदं

फार पूर्वी, जेव्हा सफरचंदं डोंगरापलीकडून बैलगाडीत गवतावर निजून यायची, तेव्हाची ही गोष्ट. एका बाजाराच्या गावात नथूशेठ नावाचा वाणी होता. भर चौकात त्याचं किराणा दुकान. डाळ, गूळ, तेल, साबण सगळं तिथे मिळायचं आणि थंडी पडली की दारातल्या फळीवर सफरचंदांचा मोठा ढीग लागायचा.

आता ढीग लावावा आणि गिऱ्हाइकाची वाट बघत बसावं, तर तो नथूशेठ कसला. रस्त्यावर चार माणसं दिसली की तो ढिगातली सफरचंदं उचलून हवेत उडवायचा. एक वर, एक खाली, एक पाठीमागून, आणि शेवटचं असं भिरकावायचा की ते ढिगाच्या बरोबर टोकावर जाऊन आदळायचं. गिऱ्हाइकाने पिशवी उघडली की तीत फळ ठेवणं त्याला कमीपणाचं वाटे. तो लांबूनच नेम धरून टाकायचा. त्याचा नेम कधी चुकला नाही, हे मात्र कबूल करायला हवं.

लोक टाळ्या वाजवायचे. नथूशेठ मिशीला पीळ द्यायचा आणि पुन्हा सुरू व्हायचा.

समोरच मैनाबाईचं छोटं दुकान होतं. तिला यातलं काही येत नव्हतं. सुपात जुनं लुगडं अंथरून ती सफरचंदं एकाशेजारी एक मांडायची आणि गप्प बसायची.

"मैनाबाई, तुमचा माल झोपलाय का?" नथूशेठ इकडून विचारायचा.

"झोपू द्या बापड्याला, लांबून आलाय," मैनाबाई तिकडून म्हणायची.

पण हळूहळू एक चमत्कारिक गोष्ट होऊ लागली. नथूशेठच्या दारातली गर्दी वाढत गेली आणि ढीग काही कमी होईना. लोक खेळ बघायचे, टाळ्या वाजवायचे, मग रस्ता ओलांडून मैनाबाईकडून सफरचंदं घ्यायचे आणि परत येऊन ती खात खात नथूशेठचा उरलेला खेळ बघायचे. नथूशेठच्या जिवाला ते फार लागे, पण कारण काही कळेना.

कारण गावात सगळ्यांना ठाऊक होतं. नथूशेठकडची सफरचंदं दुकानात सुरेख दिसायची आणि दुसऱ्या दिवशी घरी कापली की आत तपकिरी डाग निघायचे. पण हे त्याला सांगितलं असतं तर खेळ बंद पडला असता. मग गावाने न बोलताच ठरवून टाकलं की खेळ नथूशेठचा बघायचा आणि फळ मैनाबाईचं खायचं. माणसं गोड होती, पण लबाडही तेवढीच.

अशात एक दिवस मळ्यावरच्या पाटलीणबाई नथूशेठच्या दुकानात आल्या. त्या बाजारात क्वचितच यायच्या, त्यामुळे गावाचं हे गुपित त्यांच्या कानावर गेलं नव्हतं.

"शेठ, परवा माझ्या लेकीचा साखरपुडा आहे," त्या म्हणाल्या. "व्याही फार चोखंदळ. जेवणं झाली की त्यांच्यासमोर सफरचंदं कापून द्यायची आहेत. माझी लाज तुमच्या हातात. फळ चांगलं निघालं तर लग्नाचा सगळा किराणा तुमच्याकडचाच. उद्या संध्याकाळी गाडी पाठवते."

नथूशेठ हवेतच होता. घरी जाताना त्याने ढिगातलं सगळ्यात लालबुंद सफरचंद उचललं आणि बायकोपुढे ठेवलं. "काप, यमुने. व्याह्यांच्या ताटात काय पडणार ते तूही बघ."

यमुनाबाईंनी ते कापलं. आत दोन्हीकडे डाग, आणि डागाजवळचा गर उकडलेल्या बटाट्यासारखा मऊ.

"बागवानाने फसवलं," नथूशेठ म्हणाला.

यमुनाबाई उठल्या. त्यांनी कोठीतल्या न उघडलेल्या पेटीतून, गवताखालून एक सफरचंद काढून आणलं आणि कापलं. पांढराशुभ्र गर, कुठे ठिपका नाही.

"हे पण त्याच बागवानाचं ना?" त्या म्हणाल्या. "तुमच्या ढिगातलं एखादं आणा बरं, तुम्ही न उडवलेलं."

नथूशेठने आठवून बघितलं. ढिगात तसलं एकही नव्हतं.

"आज आपटलेलं आज दिसत नाही हो," यमुनाबाई म्हणाल्या. "साल तशीच लाल राहते. आतला मार उद्या वर येतो."

तेव्हा कुठे नथूशेठला रस्ता ओलांडणारी माणसं आठवली. त्याला इतकी शरम वाटली की त्या रात्री त्याने दुसरी भाकरी मागितली नाही. लग्न झाल्यापासून असं कधी घडलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पाटलीणबाईंची गाडी चौकात उभी राहिली. नथूशेठ दारातून थेट गाडीत सफरचंदं भिरकावणार, अशी आवई आधीच उठली होती. सगळा गाव लोटला. कोणीतरी हलगीसुद्धा आणली. गाडीवानही हौशी. त्याने टोपली दोन्ही हातांनी उंच धरली आणि म्हणाला, "होऊ द्या शेठ, मी तयार आहे."

हलगी वाजू लागली आणि नथूशेठचे हात शिवशिवले. एवढी गर्दी त्याच्या दारात कधीच जमली नव्हती. आणि फेकली तरी आज कोणाला काय कळणार होतं? फळ आज लालच दिसलं असतं. टाळ्या आज मिळाल्या असत्या आणि डाग उद्या निघाले असते, तेही पाटलीणबाईंच्या अंगणात, व्याह्यांच्या पुढ्यात.

कोठीतल्या पेटीतून काढून हातात घेतलेलं सफरचंद त्याने क्षणभर तोललं. मग तो पायऱ्या उतरला, गाडीवानाला हातातली टोपली खाली ठेवायला लावली, तळाशी गवत पसरलं आणि ते सफरचंद त्यावर अलगद ठेवलं. मग दुसरं. मग तिसरं.

हलगी आपोआप थांबली. "शेठचा नेम चुकायला लागला वाटतं," गर्दीतून कोणीतरी म्हणालं आणि लोक हसले. नथूशेठचे कान लाल झाले, पण त्याने वर बघितलं नाही. थोड्या वेळात चौक रिकामा झाला. मागे राहिले गाडीवान, बैल आणि समोरच्या दारातली मैनाबाई. ती कवेत गवताचा भारा घेऊन रस्ता ओलांडून आली.

"टोपल्या बऱ्याच आहेत. गवत कमी पडेल तुम्हाला," ती म्हणाली.

नथूशेठने ते घेतलं, आणि या वेळी तिची थट्टा केली नाही.

साखरपुड्याच्या दिवशी विहीणबाईंनी सफरचंदाची फोड उलटसुलट करून बघितली, वास घेतला, मग खाल्ली. पाटलीणबाईंचा जीव टांगणीला लागला होता. विहीणबाईंनी दुसरी फोड मागितली आणि विचारलं, "कुठल्या दुकानातली हो ही?"

त्यानंतर मळ्यावरचा किराणा नथूशेठकडूनच जाऊ लागला. दारातला जुना ढीग त्याने बाजूला काढला आणि येईल त्याला उघड सांगितलं, "ही मी खेळवलेली आहेत. मुरांब्याला न्या, स्वस्त देतो." बायका हसत हसत सगळी घेऊन गेल्या. नव्या पेट्या फुटल्या, तेव्हा फळीवर जाड गोधडी अंथरलेली होती.

हलगीवाला एकदा सफरचंदं घ्यायला आला. त्याने आशेने विचारलं, "शेठ, आज खेळ नाही?"

नथूशेठने त्याच्या पिशवीत एक एक फळ ठेवलं आणि म्हणाला, "नाही रे. आज दुकान आहे."

तात्पर्य एवढंच, की टाळी लगेच वाजते आणि डाग दुसऱ्या दिवशी दिसतो. म्हणून हातातली वस्तू ज्याच्या घरी जाणार आहे, त्याचा उद्याचा दिवस आठवून ती हाताळावी.