बाजेवरून न उतरलेली बाळंतीण

फार फार पूर्वीची ही गोष्ट. तेव्हाच्या राजांची नावं आता कुणाला आठवत नाहीत, पण या आईची गोष्ट अजून सांगतात. सांगणाऱ्याला ती सांगावीशी वाटत नाही. मलाही वाटत नाही. पण ऐका.

एका गावात एक कोष्टीण राहायची. नवरा वारलेला, पदरी दोन लेकी. थोरली सासरी बाळंत झाली आणि तिसऱ्याच दिवशी सासूने तिला नदीवरून भरली घागर आणायला लावली. अंगावरून रक्त जायला लागलं, ते थांबलंच नाही. पोर गेली.

कोष्टिणीने त्या सासूला जन्मभर शिव्या दिल्या. धाकटी साळू बाळंतपणाला माहेरी आली, तेव्हा आईने ठरवूनच टाकलं की सव्वा महिना हिचा पाय जमिनीला लागू द्यायचा नाही. मुलगा झाला. साळू बाजेवर, बाजेखाली शेगडी, उशाशी डिंकाचे लाडू. पाण्याचा तांब्यासुद्धा आईच तोंडाला लावायची.

"आई, अंग आंबलंय गं," साळू म्हणायची. "सोप्यात जरा चालते."

"गप पडून राहा. एक घालवून बसलेय मी."

सुईण आली तेव्हा तिनेही सांगून पाहिलं. "बाई, जड उचलू देऊ नकोस, हे खरं. पण दारापर्यंत चालू दे तिला. आज थोडं, उद्या जरा जास्त. दमली की निजेल आपोआप."

"तुझी लेक असती तर असं बोलली असतीस का?" कोष्टीण म्हणाली.

सुईण उठून निघून गेली. जायला नको होतं, पण गेली.

पुढे साळूची एक पोटरी सुजली, लाल झाली, ठणकू लागली. "पडून राहून ही गत, चालली असतीस तर काय झालं असतं?" असं म्हणत आईने ती तेल लावून जोरजोरात चोळली. माया होती हो, नुसती माया. तिचं काय करायचं?

सव्वा महिना भरला. विहीर पुजायला जायचं म्हणून कोष्टिणीने लेकीला स्वतः विणलेलं लुगडं नेसवलं आणि हाताला धरून उठवलं. साळू उंबऱ्यापर्यंत आली आणि छातीला हात लावून खाली बसली.

"आई, दम पुरत नाही गं," एवढंच म्हणाली. मग तीही गेली. पडून पडून पोटरीत रक्त गोठलं, तेच छातीत चढलं, असं सुईण मागाहून म्हणाली.

नातवाला कोष्टिणीने वाढवलं. गावात कुणी बाळंत झाल्याचं कळलं की ती त्या घराच्या दारात जाऊन उभी राहायची. "तिला जरा चालू द्या गं," म्हणायची.

"दोन्ही लेकी गेल्या हिच्या, आणि आम्हाला शिकवायला आलीय," असं म्हणत बायका दार लावून घ्यायच्या. आत बाजेवर कुणीतरी कण्हत असायचं. ते तिला बाहेर ऐकू यायचं. ती पायरीवर बसून राहायची आणि मग घरी जायची.

लहानांनो, थोरांनो, बाळंतिणीला ओझ्याला जुंपू नका आणि बाजेला खिळवूही नका. हळूहळू चालू द्या, आणि तिचं अंग काय म्हणतंय ते तिलाच विचारा.