भात्याने रोखलेला श्वास

अवजारं बोलत होती त्या काळी एका लोहाराच्या भट्टीवर एक भाता होता. लोखंड ऐरणीवर गेलं तरी तो आपला फुंकतच राही, आणि निखारे फुकट जळून जात.

नांगराचा फाळ अर्धाच झाला होता. भट्टीत शेवटचा दगडी कोळसा पडला. तो म्हणाला, "भातेबुवा, जरा दमानं!"

"तुझं काय जातं रे, काळ्या दगडा?"

"दगड नव्हे, मी झाड होतो. माणूस जन्मायच्या आधीचं ऊन प्यायलो आणि ते आजवर जमिनीखाली जपलं."

कोळसा पेटला. त्याच्या पोटात सकाळ उजाडताना पाहून भाता थक्क झाला.

लोहारानं लोखंड ऐरणीवर नेलं. जन्मात पहिल्यांदाच भात्यानं श्वास रोखून धरला.

फाळ पुरा झाला, तेव्हा कोळशात थोडं ऊन उरलं होतं.