करंजगडच्या राजाची सही

"सही माझीच लागते ना? मग ती केली तर चुकलं कुठं, बाबा?"

करंजगडचे राजे हिंदुराव उभ्यानेच विचारत होते. डोंगरावरच्या मठात शिरताना त्यांनी जोडे बाहेर ठेवले होते. कमरेची तलवार मात्र तशीच होती.

सोमगिरीबाबा ओट्यावर बसून डाळ निवडत होते. हिंदुरावांना लहानपणी अक्षरओळख त्यांनीच करून दिलेली. सगळ्या संस्थानात राजाला अरेतुरे करणारा हा एकच माणूस.

"कसली सही?"

"प्रजासभा बरखास्त करण्याची. कारभार पुन्हा आमच्या हाती येईल."

"सुचवलं कुणी?"

"प्रधानांनी. रावराणे खाली मोटारीत बसलेत."

"त्यांच्यावर तर सभेने परवाच अविश्वास दाखवला."

"म्हणूनच..." हिंदुरावांचा आवाज चढला. "वडिलांनी, आबासाहेबांनी, राज्यघटना दिली आणि डोळे मिटले. कायदे सभा करते, कारभार प्रधान बघतो. मी सह्या करतो आणि दसऱ्याला हत्तीवर बसतो. पूर्वजांनी रक्त सांडून मिळवलेल्या मुलखात माझं काम एवढंच?"

बाबांनी सूप बाजूला ठेवलं. सावकाश उठले. आणि वाकून त्यांनी राजाच्या पायांवर डोकं टेकलं.

हिंदुराव चटका बसल्यासारखे मागे सरले.

"बाबा! हे काय करता?"

"सवय करून घेतो. सही केलीस की तू मालक झालास. मालकाच्या पाया पडावंच लागतं."

"आणि आज?"

"आज तू राजा आहेस. राजाला मी आशीर्वाद देतो."

...

राजाच्या पाया तर रोजच कुणी ना कुणी पडत असे. पण बाबांचे पांढरे केस पावलांना लागले आणि हिंदुरावांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. ते तसेच वळले आणि पायऱ्या उतरू लागले.

खाली रावराणे हुकूमनामा घेऊन लगबगीने पुढे आले.

"सही, सरकार?"

"आधी एक विचारतो. विचारण्याचा अधिकार घटनेने मला ठेवलाय. सभेत बहुमत आहे तुमच्यामागे?"

"नाही, पण..."

"मग सावध करतो. तोही अधिकार माझाच. संध्याकाळपर्यंत राजीनामा द्या. नाहीतर सभेच्या ठरावाप्रमाणे तुम्हाला दूर करणाऱ्या हुकुमावर सही करीन."

"सरकार, मी तुमची सत्ता तुम्हाला परत देतोय!"

"देणारे तुम्ही कोण?" हिंदुरावांची मान ताठ झाली. "ती आबासाहेबांनी रयतेला दिली. दिलेलं परत घेणारं आमचं घराणं नाही."

रावराण्यांनी राजीनामा दिला. सभेचं बहुमत आता गणपत साळ्यामागे होतं. हा विणकर भर चौकात उभा राहून राजघराण्याचा उद्धार करायचा. त्यालाच राजवाड्यावर बोलावणं गेलं. शपथविधीला हिंदुराव जरीचा पोशाख, शिरपेच, सगळं लेवून उभे राहिले. साळ्याच्या पदाचा मान तसूभरही कमी पडता कामा नये, असं त्यांनी दरबारी मंडळींना बजावलं होतं.

हिवाळ्यात ते पुन्हा मठात आले. या वेळी खाली बसले.

"साळ्याने पहिलाच कायदा पाठवला, बाबा. आमचं शिकारीचं रान गायरानासाठी घेतलं."

"मग?"

"बोलावून घेतलं त्याला. म्हटलं, झाडं तोडलीत तर खालचे झरे आटतील. ते त्याला पटलं. झाडं राखायचं कलम घातलं. रान मात्र घेतलंच."

"आणि सही?"

"केली."

"मनापासून?"

हिंदुरावांनी मान हलवली.

"नाही. आबासाहेबांनी मला घोड्यावर बसायला शिकवलं ते त्या रानात. सही करताना आतून तुटत होतं... पण सभेने मंजूर केलेला कायदा. मी हसून साळ्याचं अभिनंदन केलं. माझ्या मनात काय होतं, ते ना त्याला कळलं, ना दरबाराला, ना राणीसाहेबांना."

हे सांगताना त्यांची छाती फुलली होती.

बाबांनी त्यांच्याकडे निरखून पाहिलं.

"मग मला तरी कशाला सांगितलंस, राजा?"