जातं निजवणारी धुरपाई

फार वर्षांपूर्वी, पिठाची गिरणी कुणी स्वप्नातसुद्धा पाहिली नव्हती तेव्हा, खरबाडी गावात कोंबड्यांच्या आधी दळणाची जाती जागी व्हायची. घराघरांतून घरघर सुरू व्हायची आणि सगळं गाव अंथरुणात पडल्या पडल्या कान देऊन ऐकायचं. कारण खरबाडीची एक समजूत होती. पहाटे ज्या घरातलं जातं मुकं, त्या घरात माणूस गेलं. मयताच्या घरातच तेवढं दळण थांबायचं. म्हणून अंगात ताप असो, कंबर मोडलेली असो, खरबाडीची बाई जात्यावर बसायचीच. घरात दाणे नसले तर रिकामं जातं फिरवायची, पण आवाज थांबू द्यायची नाही. असं म्हणतात.

त्या गावात हौसा नावाची एक नवी आई होती. नवरा गुरं घेऊन घाटाखाली गेलेला, घरात ती, सासू आणि कुशीतली तान्ही. पोर रडली की हौसा घाबरायची आणि गप्प झाली की जास्त घाबरायची. हाताची मागची बाजू तान्हीच्या नाकापाशी धरून ती श्वास बघत बसायची. एक श्वास आला की वाटायचं, हा आला, पण पुढचा येईल ना? बाकीच्या बायकांना आई होणं आपोआप येतं आणि आपल्यालाच ते सांगायचं कुणीतरी विसरलं, असं तिला मनापासून वाटायचं. रात्रभर हे पहारे आणि पहाटे जातं. डोळ्याला डोळा कसा तो लागत नव्हता.

मग तिचं दूध आटलं. सासूनं अळिवाची खीर करून घातली, मेथी घातली, शेपू घातला. दूध काही येईना. शेळीचं दूध पाजावं तर पोर ओकून टाकी. हळूहळू तान्हीचं रडणंही बारीक होत गेलं, आणि एका पहाटे ती रडलीच नाही. नुसती ओठ हलवत राहिली. हौसा एका हातानं जातं ओढत होती आणि दुसरा हात तिनं पोरीच्या नाकापाशी धरला होता.

नेमकी त्याच पहाटे गावात धुरपाई आली.

धुरपाई जात्याला टाकी लावायची. दळून दळून दगड गुळगुळीत होतात, मग छिन्नी-हातोडीनं त्यांना पुन्हा खाचा पाडाव्या लागतात, ते हे काम. खांद्यावर अवजारांची झोळी आणि पाठीवर ठिगळांची एक जाड गोधडी घेऊन ती गावोगाव फिरे. दगडाला कान लावला की तिला त्याचं दुखणं कळायचं, असं म्हणतात. ती कुठली, कुणाची, कुणाला ठाऊक नव्हतं. एवढंच ठाऊक होतं की तिला निजलेलं कुणी कधी पाहिलं नाही.

हौसाच्या दारावरून जाता जाता धुरपाई थबकली आणि सरळ आत आली.

"थांबव गं बाई. केवढं कण्हतंय ते!"

"जातं कण्हतंय?" सासूनं विचारलं.

"नाहीतर कोण?" म्हणत धुरपाईनं दगडावर तळवा ठेवला आणि चटका बसावा तसा उचलला. "तापानं फणफणलंय हे."

"मग लाव की टाकी. पीठ म्हणून रवा पडतोय नुसता."

"तापलेल्या दगडाला टाकी लावली तर तो तडकतो, आत्याबाई. त्याला आधी निजवायला लागतं."

"जात्याला निजवायचं? कधी ऐकलंय कुणी? आणि जातं थांबलं तर गाव काय म्हणेल? आमच्या घरातलं माणूस गेलं म्हणतील."

धुरपाईनं हौसाच्या मांडीवरच्या पोरीकडे पाहिलं. मग सासूकडे पाहिलं. "चालू राहिलं, तर जाईल," ती म्हणाली.

सासूनं स्वतः खुंट्यावरचा हौसाचा हात सोडवला. जातं थांबलं.

धुरपाईनं पाठीवरची गोधडी काढून जात्यावर पांघरली आणि हौसाला म्हणाली, "ये, याच्याशेजारी आडवी हो. दगडावर हात ठेव. हात काढलास की ते जागं होईल, आणि मग मला काही करता यायचं नाही."

"आणि ही? हिचा श्वास कोण बघणार?"

"तू निज. मी बघते."

"तुमचा डोळा लागला तर?"

"दगडाकडं बघून बघून माझी पापणीच झडलीय, पोरी. ती मिटायची कशी?"

हौसानं पोर तिच्याकडे दिली. देताना तिची बोटं दुपट्यातून सुटेनात, ती धुरपाईनं एकेक करून सोडवली. मग हौसा आडवी झाली. आपण जात्यासाठी निजतोय, आपल्यासाठी नाही, असं तिनं मनाला बजावलं, तेव्हा कुठं तिला पडवलं. गोधडीखालचा दगड उबदार होता. तो हळूच वर झाला आणि हळूच खाली गेला. जातं श्वास घेत होतं. तिचा श्वास त्याच्या श्वासात मिसळला आणि हौसाला झोप लागली.

इकडे गावानं ऐकलं, हौसाच्या घरचं जातं थांबलं! अख्खं गाव समजलं, तान्ही गेली. मयताच्या घरी चूल पेटत नाही, म्हणून बायकांनी घाईघाईनं पिठलं-भाकरी केली आणि पदराखाली झाकून आणली. पुरुष खाली मान घालून आले. कुणीतरी तर दारातच गळा काढला.

उंबऱ्यात धुरपाई बसली होती. मांडीवर पोर, हाताची मागची बाजू पोरीच्या नाकापाशी. ती एवढंच म्हणाली, "गेलं नाही कुणी. निजलंय."

आणि आतून तो श्वास ऐकू आला. संथ, जड, दगडाचा. जो ऐके तो पेंगू लागे. भाकऱ्या घेऊन आलेल्या बायका ओट्यावर टेकल्या त्या तिथंच कलंडल्या. गळा काढणाऱ्याचा सूर अर्ध्यावर विरला आणि तो घोरू लागला. सासू, जिला लग्न झाल्यापासून दिवसाउजेडी कुणी पाठ टेकलेली पाहिली नव्हती, ती कोठीच्या कडेला निजली. बैल बसले, कावळे फांदीवर गप्प झाले, रहाटाची दोरी अर्ध्या विहिरीत लटकत राहिली. खरबाडीवरून जाणारा वारासुद्धा त्या दिवशी पाय न वाजवता गेला, असं म्हणतात.

उन्हं कलली तेव्हा हौसाला जाग आली. तिची चोळी भिजून चिंब झाली होती. धडपडत ती उंबऱ्याशी गेली. धुरपाई तशीच बसलेली, हात तिथंच. तिनं पोर हौसाच्या कुशीत दिली. तान्हीनं क्षणभर शोधलं आणि मग अशी पिऊ लागली की तिच्या घोटांच्या आवाजानं अंगणातलं गाव एकेक करून जागं झालं. सगळ्यांनी मिळून तीच मयताची पिठलं-भाकरी हसत हसत खाल्ली. धुरपाईनं गार झालेल्या जात्याला टाकी लावली, छिन्नी पुसली आणि झोळी उचलली.

तेव्हा हौसानं तिला विचारलं, "तुम्ही कधी निजता?"

धुरपाई तिच्याकडे बघतच राहिली. असं तिला आजवर कुणी विचारलं नव्हतं. जिथं जाईल तिथं ती आपली झोप थोडी थोडी देत आली होती, आणि तिची तिला काही उरली नव्हती.

"माझ्याकडं कोण बघणार, बाई?"

"तुम्ही निजा," हौसा म्हणाली. "मी बघते."

अंगणातल्या कडुलिंबाखाली हौसानं तिला जागा करून दिली. धुरपाई आडवी झाली, हौसानं तिचीच गोधडी तिच्यावर पांघरली, आणि तिच्या झडलेल्या पापण्या पुन्हा फुटल्या आणि मिटल्या. तिला उठवायचा धीर कुणाला झाला नाही, दुसऱ्या दिवशी नाही, पुढंही नाही. पुष्कळ दिवसांनी हौसानं गोधडीचं टोक उचलून पाहिलं. खाली जात्याएवढा एक गोल दगड होता. तिनं हाताची मागची बाजू त्याच्यापाशी धरली, आणि काहीतरी उबदार तिच्या हाताला लागलं.

तो दगड खरबाडीत अजून आहे. दर अमावस्येला त्याच्यावर नवी गोधडी पांघरतात, आणि त्या दिवशी गावातली गिरणीसुद्धा पट्टा उतरवून बंद ठेवतात. दुपारी कुणी मोठ्यानं बोललं तर म्हातारी माणसं दटावतात, "हळू रे, धुरपाई निजलीय!" आणि ज्या घरात तान्हं मूल असेल तिथं शेजारीण झाकून पिठलं-भाकरी घेऊन जाते. तब्येत कशी, दूध येतं का, पोर कुणावर गेलंय, असलं काही विचारायचं नसतं. ताट खाली ठेवायचं, मूल मांडीवर घ्यायचं आणि त्याच्या आईला म्हणायचं, "तू निज. मी बघते."