चढलेली साखर

"सर, आता पोट शिवायला घेऊ?"

निनाद तळवलकरने विचारलं खरं, पण विचारण्यासारखं काही उरलंय असं त्याला वाटत नव्हतं.

टेबलावर सुमित्रा हुल्ले भुलीच्या अमलाखाली होत्या. अंगणवाडीत खिचडी शिजवणारी ही बाई दोन वर्षं रोज पहाटे बेशुद्ध पडायची. कुणी फिट म्हणालं, कुणी बाहेरची बाधा. खरं दुखणं ओळखलं ते निनादने. स्वादुपिंडात एक बारीकशी गाठ असते, ती नको तेव्हा इन्शुलिन सोडत राहते आणि उपाशीपोटी रक्तातली साखर तळाला जाते. गाठ निघाली की बाई बरी. राहिली तर पुन्हा तेच.

स्कॅनमध्ये काही धड दिसलं नव्हतं. निनादने अर्ध्या तासात बोटांनी चाचपून गाठ शोधली आणि काढलीही. ती आता तबकात होती आणि स्वारी खुशीत होती.

केळुसकर सर कोपऱ्यात स्टुलावर बसले होते. हात थरथरू लागल्यापासून त्यांनी ऑपरेशन करणं सोडलं होतं. शिष्याचं बघायला मात्र येत.

"साखर?" त्यांनी विचारलं.

भूल देणाऱ्या डॉ. मुजावरांनी आकडा सांगितला. चाळीसवरून एकशे दहा.

"गाठ निघाली, साखर चढली," निनाद म्हणाला. "आणखी काय हवं, सर?"

सर उठले. पेशंटच्या उशाशी गेले आणि ग्लुकोजच्या बाटलीचं चाक फिरवून थेंब बंद केले.

"थांबू या," म्हणाले.

निनादच्या कपाळावर आठी उमटली. म्हातारपणी माणूस उगाच शंकेखोर होतो, असंही मनात येऊन गेलं. मग एकदम आठवलं. मघाशी साखर फार उतरली तेव्हा ग्लुकोज जोरात सोडा, असं त्यानेच मुजावर मॅडमना सांगितलं होतं. गाठ सापडल्याच्या आनंदात ते साफ विसरला होता.

दहा मिनिटं... ऐंशी.

वीस मिनिटं... एकोणपन्नास.

मुजावर मॅडमनी घाईघाईने ग्लुकोज पुन्हा सुरू केलं. निनादचं तोंड एवढंसं झालं. तबकात होती ती साधी निरुपद्रवी ग्रंथी. ही बाई टाके घालून घरी गेली असती आणि पुन्हा चुलीपुढे कोसळली असती. त्याला स्वतःची लाज वाटली.

सर पुन्हा स्टुलावर जाऊन बसले होते.

निनादने पहिल्यापासून शोधायला घेतलं. तासाभराने, स्वादुपिंड आतड्याच्या कवेत असतं तिथे, मागच्या अंगाला, बोटाला हरभऱ्याएवढं काहीतरी टणक लागलं. शेजारची नळी सांभाळत त्याने ते अलगद सोडवलं.

"मॅडम, बाटली बंद करा," या वेळी तो स्वतःच म्हणाला.

अठ्ठावन्न... चौऱ्याहत्तर... शहाण्णव. अर्ध्या तासानंतरही आकडा उतरला नाही. निनादने पोट शिवलं.

हात धुताना त्याला राहवेना.

"सर, पहिली गाठ ती नव्हे, हे तुम्हाला बसल्या जागी कसं कळलं?"

सर पंच्याने चष्मा पुसत होते.

"कळलं असतं, तर मी बाटली कशाला बंद केली असती?"